दुधाचा पहारा कोणीं करावा ?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दिवसाचा आरंभ दुधानें होतो. मुलांस तें पेल्यांतून मिळतें, वडील माणसांस चहांतून. पण घरांत तें येतें खरें. कोठून येतें असें विचारल्यास शहरांतील मूल पिशवीकडे बोट दाखवितें आणि खेड्यांतील मूल गोठ्याकडे. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. परंतु गोठा आणि पिशवी यांच्यामध्यें जी लांब वाट आहे, तिचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. धार काढणारा शेतकरी, गांवचें संकलन केंद्र, शीतकरण केंद्र, टँकर, डेअरी, दुकानदार, इतक्या हातांतून दूध जातें. आणि गाईच्या पुढ्यांत पडणारी पेंड येते ती आणखी निराळ्याच कारखान्यांतून. या वाटेवर पहारा कोणीं ठेवावा, सरकारनें कीं धंदेवाल्यांनीं, याविषयीं आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें आहे.

सामान्य समजूत अशी कीं, दुधांत जें कांहीं वाईट आहे तें सारें लबाडाचें काम, आणि लबाडावर इलाज एकच, कायद्याचा बडगा. कायदे आहेतच. १९५४ सालीं अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागीं अन्नसुरक्षा व मानकें कायदा २००६ सालीं संमत होऊन ५ ऑगस्ट २०११ पासून अमलांत आला. असुरक्षित अन्नामुळें माणूस दगावल्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा त्यांत सांगितली आहे. ही शिक्षा असूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचें तेल मिसळलें गेलें आणि साठांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. असल्या पातकास तुरुंगावांचून दुसरें उत्तर नाहीं.

पण बडग्याची चाल तरी पाहा. अन्नसुरक्षा अधिकारी दुधाचा नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, एक भाग विश्लेषकाकडे जातो, आणि विश्लेषकास अहवालासाठीं चौदा दिवसांची मुदत असते. ती मुदत न्यायाच्या दृष्टीनें गैर नाहीं. परंतु ज्या दुधाचा तो नमुना, तें दूध दुसऱ्या दिवशींच मुलांच्या पोटांत गेलेलें असतें ! कायद्याचे हात लांब असतील. पण ते दुधाच्या मागून धांवतात.

आतां त्याहून महत्त्वाची गोष्ट. केंद्राच्या अन्नसुरक्षा व मानकें प्राधिकरणानें २०११ सालीं देशभर दुधाचे १७९१ नमुने तपासविले, तेव्हां शेंकडा अडुसष्टांहून अधिक नमुने नियमांत बसले नाहींत. तो आंकडा वर्तमानपत्रांतून फार गाजला. त्यांतील पुष्कळसा दोष घातलेल्या पाण्याचा होता, ही गोष्ट तितकी गाजली नाहीं. पुढें २०१८ सालीं मोठी पाहणी झाली आणि २०१९ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ११०३ शहरांतून ६४३२ नमुने घेतले होते. त्यांत आरोग्यास घातक अशी भेसळ सांपडली ती केवळ बारा नमुन्यांत. परंतु अफ्लाटॉक्सिन एम-१ नांवाचें विष ठरलेल्या मर्यादेहून अधिक निघालें तें ३६८ नमुन्यांत. बारा कोठें आणि तीनशें अडुसष्ट कोठें ! आणि या तीनशें अडुसष्टांत लबाड कोणीच नाहीं.

हें विष म्हणजे काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर, सरकीवर आणि त्यांच्या पेंडीवर एक प्रकारची बुरशी येते. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन उत्पन्न होतें. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं सुमारें एक लाख पिलें एकाएकीं मेलीं. शोध करतां करतां शास्त्रज्ञ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोंचले, आणि या विषाची ओळख जगास झाली. आपल्या देशांत १९७४ सालीं गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील आदिवासी गांवांत बुरसलेला मका खाऊन सुमारें चारशें लोकांस काविळीनें गांठलें, आणि त्यांतील १०६ दगावले. दुधांत उतरणारा अंश अर्थातच फार अल्प असतो. एका पेल्यानें कोणी आजारी पडत नाहीं. पण दीर्घकाळ पोटांत जात राहिल्यास तें यकृतास घातक ठरतें, आणि शरीराच्या मानानें सर्वांत अधिक दूध पितात तीं लहान मुलें. दूध उकळल्यानें तें जात नाहीं. शास्त्राच्या तासास आपण दुधांत आयोडिनाचा थेंब टाकून पिठाची भेसळ निळ्या रंगानें ओळखतों. त्या थेंबास हें विष दिसत नाहीं.

या प्रकरणांत दोष कोणाचा ? पावसाळ्यांत पेंडीचें पोतें जमिनीवर टेकलें, खालून ओल आली. शेतकऱ्यानें वरवरची बुरशी झटकली आणि पेंड गाईस घातली. टाकून द्यावी तर पैसे गेलेले. त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. वास्तविक पेंड बदलली म्हणजे तीन-चार दिवसांत गाईच्या दुधांतून हें विष जवळ जवळ नाहींसें होतें, इतका हा उपाय सोपा आहे. परंतु तो सांगावयाचा कोणीं ? दुधाची तपासणी डेअरींत होते, दंडाचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाकडे, गाईची काळजी पशुसंवर्धन खात्याकडे, पेंडीचा कारखाना निराळ्याच धन्याचा. एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोंचत नाहीं तोंवर एकट्या कोणाच्याही प्रामाणिकपणानें हें काम होणारें नव्हे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, येथें शिक्षेपेक्षां सहकार्याची गरज अधिक आहे.

हें बोलणें हवेंतलें आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें नाशिक, सांगली, सोलापूर इकडील द्राक्षांकडे पाहावें. २००३ सालीं हॉलंडांत आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेहून अधिक सांपडले, आणि सारा निर्यातीचा धंदा हादरला. त्या धक्क्यांतून २००६ सालीं 'ग्रेपनेट' ही योजना निघाली. 'अपेडा' ही केंद्र सरकारची संस्था, राज्याचें कृषी खातें, पुण्याजवळील मांजरीचें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, प्रयोगशाळा, निर्यातदार व बागाईतदार यांनीं मिळून ती चालविली. बागेची सरकारदरबारीं नोंद, फवारणीची वही, तोडणीपूर्वीं प्रयोगशाळेच्या माणसानें बागेंत येऊन नेलेला नमुना. तो उतरला तरच माल बाहेर. परदेशांतील दुकानांत उघडलेली पेटी कोणत्या बागेची, हें कागदावरून सांगतां येऊं लागलें. चुका त्यानंतरही झाल्या. २०१० सालीं वेलीची वाढ आवरण्यासाठीं वापरलेल्या क्लोरमेक्वाट नांवाच्या रसायनावरून युरोपांत पुन्हां माल अडला, कारण आपल्या तपासणीच्या यादींत तें रसायन नव्हतेंच ! बागाईतदारांचें व व्यापाऱ्यांचें जबर नुकसान झालें. पण योजना मोडली नाहीं. रसायन यादींत घातलें गेलें.

परदेशच्या मुलांच्या ताटांतील द्राक्षासाठीं जी काळजी आपण घेऊं शकतों, ती स्वतःच्या मुलांच्या पेल्यासाठीं कां घेऊं नये ? द्राक्ष परत आलें म्हणजे डॉलर बुडतात. दूध परत येत नाहीं, एवढाच काय तो भेद!

दुधाची गोष्ट द्राक्षाहून अवघड आहे हें आम्ही जाणतों. द्राक्षाची पेटी अखेरपर्यंत निराळी राहते; शंभर गोठ्यांचें दूध मात्र एका टँकरांत मिसळतें आणि मग कोणाचें कोणतें हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. यास्तव पहारा बसला पाहिजे तो मिसळण्यापूर्वीं, गांवच्या संकलन केंद्रावर, आणि त्याच्याही आधीं पेंडीच्या गोदामांत. डेअरीस एखाद्या गांवच्या दुधांत विष आढळलें, तर तिनें त्या गांवचें दूध मुकाट्यानें नाकारून थांबूं नये. नाकारलेलें दूध दुसऱ्या दारीं जातें, हें कोणास ठाऊक नाहीं ? तिनें पशुसंवर्धन खात्यास त्याच दिवशीं कळवावें, खात्याच्या माणसानें गोठा व गोदाम पाहावें, आणि पेंडवाल्यानें तें पोतें बदलून द्यावें. दोन गाईंच्या धन्यानें तपासणीचा खर्च सोसावा, असें कोणी म्हणूं नये. तो डेअरीनें व सरकारनें उचलावा. आणि त्यापायीं पिशवीमागें कांहीं पैसे वाढले, तर पालकवर्गानें कुरकुर करूं नये अशी आमची त्यांस विनंती आहे.

एक आक्षेप राहतो, आणि तो खोटा नाहीं. सरकारी अधिकारी व कारखानदार एका पंगतीस बसूं लागले म्हणजे मांजराच्या हातीं दुधाची राखण जाणार नाहीं काय ? जाईल, जर पंगत बंद दाराआड असेल तर. म्हणून तपासणीचे आंकडे तालुक्यागणिक जाहीर झाले पाहिजेत, आणि जाणूनबुजून पाप करणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे तशीच राहिली पाहिजे. आपण होऊन दोष कळविणारा आणि दोष लपविणारा, या दोघांस एकाच मापानें मोजलें तर पहिला उद्यां दुसऱ्यासारखा वागूं लागेल. आजवर आम्हीं पाहिलेले डेअरीचे लोक बहुधा यामुळेंच इतके घुमे झाले असावेत !

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या वसतिगृहांत सुमारें तीस गांवांतील मुलें राहतात. दिवाळीच्या सुटींत घरीं जाल, तेव्हां आपल्या गोठ्यांत पेंडीचें पोतें जमिनीवर आहे कीं फळीवर, त्यावर कारखान्याचें नांव व तारीख आहे कीं नाहीं, आणि गांवचें दूध कधीं नाकारलें गेलें असल्यास त्याचें कारण कोणीं सांगितलें काय, एवढें वडिलांस व केंद्रावरील मंडळीस विचारून लिहून आणा. तीं उत्तरें पुढील वर्षाच्या अंकांत गांववार छापावीं, अशी विनंती आम्हीं संपादकांस केली आहे, आणि त्यांनीं ती मान्य केली आहे.