डबा की खिचडी?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत गेली. शाळा आमच्या तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या बाईने आपली मुलगी मराठी शाळेत घालावी यात विशेष असे काही नाही; तरीही सहकाऱ्यांकडून थोडे कौतुक आणि पुष्कळसे आश्चर्य वाट्याला आले, आणि दोन्ही मी बिनतक्रार स्वीकारले. पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत पोषण आहार मिळतो. ज्यांना तो नको असेल, त्यांनी डबा दिला तरी चालेल." हे सांगताना त्यांची नजर पहिल्या दोन रांगांवरून फिरली, असे मला वाटले. मी पहिल्याच रांगेत होते.

घरी या विषयावर चर्चा अशी झालीच नाही. डबा ठरलेलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरात काय कमी आहे, म्हणून पोरीनं शाळेची खिचडी खावी?" वाक्य मायेचेच होते. मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. पोळी-भाजी, कधी धिरडे, शनिवारी तूप-गुळाची पोळी असा डबा सुरू झाला. पहाटे साडेपाचला उठून तो भरताना आपण आईपणाची एखादी परीक्षा रोज उत्तीर्ण होत आहोत, असेही वाटत असे.

ऑगस्टमध्ये वर्गात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) शिकवायला घेतले. त्याच्या आरंभीचा शाळेच्या सहलीचा प्रसंग वाचकांना आठवत असेल. सवर्ण मुलांची जेवणे एका झाडाखाली, महार मुलांची दुसऱ्या झाडाखाली. सवर्ण मुलांचे उरलेले अन्न या मुलांना मिळते. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी त्यातले थोडे का आणले नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी वर्गात याच सहलीवर निबंध लिहायला सांगितला जातो. मी दरवर्षी या निबंधापाशी थांबते. अनुभव आणि त्याची शाळामान्य भाषा यांतले अंतर समजावून सांगते. त्या दिवशीही सांगितले. तास संपताना एक विद्यार्थी, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "मॅडम, आमच्या शाळेत झाडं नव्हती. पण डबेवाले व्हरांड्यात बसायचे आणि खिचडीवाले खाली अंगणात. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं."

संध्याकाळी मी मुलीला विचारले, तू मधल्या सुट्टीत कुठे बसतेस? तिने सहज सांगितले, "डब्याची मुलं वर्गात, ताटाची मुलं बाहेर."

या दोन प्रसंगांची तुलना मी करत नाही. 'अक्करमाशी'तली झाडे अस्पृश्यतेने वाटली होती. माझ्या मुलीचा वर्ग आणि बाहेरचा ओटा यांची वाटणी कुणीच केलेली नाही. पण कुणीही न करता ती झाली, हेच मला अस्वस्थ करणारे वाटले. सहा वर्षांच्या मुलीला अजून जोडाक्षरे नीट येत नाहीत, परंतु 'डब्याची मुलं' आणि 'ताटाची मुलं' हा समास तिला येतो. डबाही तिला वाचता येऊ लागला आहे. पोळी की भाकरी, तूप आहे की नाही, अंडे, सुकटीचा वास: झाकण उघडताच घराची जात, ऐपत आणि आईला सकाळी मिळणारी सवड, सारे काही समोरच्याला कळते. खिचडीला आत्मचरित्र नसते. सर्वांच्या ताटात एकच पदार्थ, एकाच पातेल्यातला. आपण ज्याला पंगत म्हणतो, तिचे हेच तर मर्म. मात्र आपल्या पंगतींचा इतिहास पाहिला, तर कुणाला उठवले आणि कुणाला बाहेर बसवले यानेच तो भरलेला आहे. शाळेची खिचडी ही कदाचित पहिलीच अशी पंगत, जिच्यात पानावर बसण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा अनेक राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न नव्हे, तर हजेरीच्या हिशेबाने महिन्याला तीन किलो धान्य मिळे. धान्य घरी जाई. पंगत बसत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला. २० एप्रिल २००४च्या आदेशात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांचा हा हक्क पक्का केला. २०२१मध्ये योजनेचे नाव बदलून 'पीएम पोषण' झाले. लोकांच्या तोंडी ती 'खिचडी'च राहिली. तिच्यामागे हिशेब आहे: प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. माझ्या कौतुकाच्या डब्यात बारा ग्रॅम प्रथिने रोज असतात का, हे मी कधी मोजले नव्हते. मोजले तेव्हा मौन पाळणे श्रेयस्कर वाटले.

२००४चा तो आदेश किती दूरदर्शी होता, हे २०२१च्या डिसेंबरात दिसले. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकी बाईच्या हातचे खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि ती मुले घरून डबे आणू लागली. डबा हे बहिष्काराचेही साधन होऊ शकते. आपला डबा तसा नसतो, हे खरे. पण बाहेरून पाहणाऱ्या मुलाला दोन डब्यांतला फरक कसा कळावा?

आता आक्षेप. पहिला सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. कोणत्याही आईला हे ऐकून डबाच बरा वाटेल. परंतु त्या मार्गाने आपले एक मूल सुरक्षित होते. पातेले तेच राहते. वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखावे, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे विचारणारे पालक लागतात. ज्यांना विचारण्याची सवय आहे, वेळ आहे, तक्रारअर्ज लिहिता येतो, त्यांची मुले तर वर्गात डबा खात असतात.

अंड्याचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे किंवा अन्य फळ, असा निर्णय केला. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. हवे असल्यास लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. माझ्या ओळखीच्या प्राध्यापक, वकील, डॉक्टर मंडळींत यावर कुणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. मीही काढला नाही. कारण ते अंडे आमच्या मुलांच्या ताटातले नव्हतेच.

दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा. एखाद्या मुलाला पथ्य असते, एखाद्याला अमुक एक पदार्थ सोसत नाही. त्याला डबा हवाच. पण माझ्या मुलीचे तसे काही नव्हते. नको होते ते आम्हाला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर डबा बंद केला. पहिल्या आठवड्यात तिने खिचडी अर्धी टाकली. मग कळले, मटकीची आवडते, वाटाण्याची नाही. एक दिवस ती म्हणाली, "आज नुसतं पाणी होतं." दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, चव रजिस्टर पाहिले, स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलले. भाजीचे पैसे उशिरा येतात, तोवर त्या उधारीवर आणतात, असे त्यांनी सांगितले. साडेपाचला उठून एक डबा भरणारी मी, आणि तुटपुंज्या मानधनात रोज दीडशे पाने वाढणाऱ्या त्या. मातृत्वाचे पोवाडे मात्र माझ्याच वाट्याला येतात.

याने फार काही बदलले, असा माझा दावा नाही. वर्गातल्या आणखी दोन मुलांचे डबे बंद झाले. बाकीचे सुरू आहेत. सासूबाई अजून नाराज आहेत आणि मुलगी घरी आल्यावर पुन्हा पोळी मागते, याकडे त्या माझे आवर्जून लक्ष वेधतात. एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. 'डबा की खिचडी?' हा प्रश्न फक्त पहिल्या दोन रांगांना विचारला गेला होता. मागे बसलेल्यांना तो कुणी विचारला नाही, कारण त्यांचे उत्तर सर्वांनी गृहीत धरले होते. ज्याला निवड करता येते, त्याच्या निवडीचा भार दुसऱ्याच्या ताटावर पडतो, हे मला एका विद्यार्थ्याने एका वाक्यात शिकवले. मी ते 'अक्करमाशी' शिकवताना इतकी वर्षे शिकवू शकले नव्हते.

येत्या पालकसभेत अंड्याचा विषय मांडायचा आहे. विरोध होईल, आणि तो पहिल्या दोन रांगांतूनच होईल. वाचकांपैकी कुणाच्या गावी लोकसहभागातून अंडी सुरू राहिली असतील, तर ते कसे जमवले, हे अवश्य कळवावे.