बाळंतपणाची फाइल फेकू नका!

गाडीचं आरसी बुक, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, दहावीची मार्कशीट, इतकंच काय, मिक्सरचं वॉरंटी कार्डही आपण फोल्डरमध्ये जपून ठेवतो. पण आपल्या हार्टचं पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होऊ शकतं याचा अंदाज देणारी एक फाइल मात्र बारशाच्या गडबडीत कुठेतरी हरवते. कुठली म्हणता? अहो, प्रेग्नन्सीची!

हार्टचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते साठीतले, पोट सुटलेले काका. पण जगभरात बायकांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण हार्ट आणि पक्षाघात हेच आहे. आणि यातल्या कित्येकींना धोक्याची पहिली घंटा पंचविशी-तिशीतच मिळालेली असते. ती वाजते लेबर वॉर्डात, आणि पेढे वाटण्याच्या नादात कुणाला ऐकू येत नाही.

बाळंतपण नावाची ट्रेडमिल

हार्टचे डॉक्टर पेशंटला ट्रेडमिलवर पळवतात, कशासाठी? बसल्या जागी न दिसणारी खोट ताण पडला की दिसते म्हणून. गरोदरपण ही निसर्गानं घेतलेली अशीच एक स्ट्रेस टेस्ट. या काळात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हार्टला दर मिनिटाला नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त पंप करावं लागतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या ऐसपैस रुंद व्हाव्या लागतात.

काहींच्या बाबतीत त्या नीट रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून अशी द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात, की तिच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाच इजा होते. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं, कधी लिव्हर-किडनीवर परिणाम होतो. हीच प्रीएक्लाम्प्सिया. जगात शंभरातल्या २ ते ८ गरोदर बायकांना ती गाठते.

वार बाहेर पडली की बहुतेकींचं बीपी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली येतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाइल बंद होते. गोष्ट मात्र तिथे संपत नाही.

२००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सुमारे ३५ लाख बायकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास छापून आला. प्रीएक्लाम्प्सिया होऊन गेलेल्या बायकांना पुढे कायमचं हाय बीपी लागण्याची शक्यता तिप्पट-चौपट, तर हार्टचा आजार आणि पक्षाघात यांची साधारण दुप्पट असल्याचं त्यात दिसलं. गरोदरपणातल्या डायबेटिसचंही तेच. 'लॅन्सेट'मधल्या २००९ च्या अभ्यासानुसार अशा बायकांना पुढे टाइप टू डायबेटिस होण्याची शक्यता सातपट असते. नववा महिना भरण्याआधीच डिलिव्हरी झाली किंवा बाळाची पोटात वाढ कमी झाली, तरी आईचा धोका थोडा वाढतोच. म्हणून तर अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ पासून प्रीएक्लाम्प्सिया आणि गरोदरपणातला डायबेटिस यांना हार्टच्या धोक्यांच्या यादीत जागा दिली.

घाबरू नका हं! तिशीत हा धोका मुळात इतका कमी असतो, की त्याच्या दुप्पट म्हणजेही फार होत नाही. पण चाळिशी-पन्नाशीत तोच 'दुप्पट' भारी पडतो. हातात दहा-पंधरा वर्षं असतात, ती वापरायची की घालवायची एवढाच प्रश्न.

हिंजवडी ते बडनेरा

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतली लेक आज हिंजवडीत, खराडीत नाहीतर ठाण्यात जॉब करते. समजा, ती तुम्हीच आहात. पहिले सहा-सात महिने तपासण्या पुण्याच्या गायनॅककडे. सातव्यात डोहाळेजेवण झालं की रेल्वेनं अकोला किंवा बडनेरा गाठायचं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी! डिलिव्हरी तिथल्या डॉक्टरांकडे. बाळ तीन महिन्यांचं झालं की परत पुणे आणि परत लॅपटॉप.

यात गोची कुठे आहे बघा. बीपीची भानगड बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत उद्भवते, आणि नेमके तेव्हाच डॉक्टर बदललेले असतात. पुण्याच्या गायनॅकना शेवटी काय झालं ते कळत नाही. माहेरच्या डॉक्टरांना सुरुवातीचं बीपी किती होतं ते ठाऊक नसतं. आणि दहा वर्षांनी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये जो फिजिशियन समोर बसतो, त्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो विचारतो, "वडिलांना हार्टचा त्रास? सिगारेट?" बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, हे तो विचारेलच असं नाही. तेव्हा आपणच सांगायचं.

घरच्यांच्या मायेनंही कधी कधी घंटा दबते. "पोटुशी बाईचे पाय सुजतेतच वं माय!" खरं आहे, थोडी सूज येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले तर आधी बीपी मोजायचं. बाळंतीण म्हणाली, डोकं दुखतंय, की आजीचं उत्तर तयार. "वारं लागलं असन, कानाले फडकं बांध." फडकं जरूर बांधा, पण सोबत बीपीचा पट्टाही बांधा! कारण डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा उसळी मारू शकतं, आणि प्रीएक्लाम्प्सिया बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही होऊ शकते. म्हणजे नेमकी बाळंतीण घरी आल्यावर! जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही. बीपी १६०/११० किंवा वर असेल तर तडक हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

आणि बाळाचं काय?

ज्यांच्या आईला प्रीएक्लाम्प्सिया झाली होती, त्या मुलांचं वरचं बीपी इतर मुलांपेक्षा सरासरी २-३ अंकांनी जास्त आढळतं. एका मुलापुरता हा आकडा किरकोळ आहे, पण सुरुवातच एक पायरी वरून होते.

ही पोटातली गोष्ट शोधून काढली ती जुन्या वह्यांनी. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून नर्सेस घरोघर फिरून बाळांची वजनं वहीत लिहीत होत्या. साउदॅम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या टीमनं त्या वह्या शोधल्या, त्यातल्या बाळांचं पुढे काय झालं याचा माग काढला आणि १९८९ साली जगाला सांगितलं, की जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांत हार्टच्या आजारानं जास्त मृत्यू झाले. कुणीतरी फाइल फेकली नव्हती म्हणून हे कळलं!

आपल्याकडे हाच धागा पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उचलला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या टीमनं गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत म्हणजे आपल्या किडकिडीत बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं बऱ्यापैकी टिकून होती. 'थिन-फॅट बेबी' हा शब्द गाजला तो यातूनच. ती मुलं आता तिशीच्या घरात आहेत.

कमी वजनाचं बाळ म्हटलं की अमरावतीकरांना धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट आठवतो. पण बीपीमुळे पोटात वाढ खुंटलेलं दोन किलोचं बाळ राजापेठेतल्या फ्लॅटमध्येही येऊ शकतं. अशा बाळाला 'बाळसं धरू दे' म्हणून दोन वर्षांनंतरही वरचं तूप-साखर, बिस्किटं कोंबत राहिलं, तर चरबीच वाढते. स्तनपान, वेळेवर घरचा वरचा आहार आणि मग भरपूर धावपळ, एवढं पुरेसं. स्तनपानानं आईचाही डायबेटिस आणि हार्टचा धोका कमी होतो, हा बोनस!

मग करायचं काय?

पहिल्या वेळी प्रीएक्लाम्प्सिया झाली असेल, तर दुसऱ्या वेळी पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना सांगा. बारा आठवड्यांनंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू केलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिन ती परत होण्याची शक्यता कमी करते. मात्र गोळी डॉक्टरांनीच द्यायची, मेडिकलमधून स्वतःच आणायची नाही. कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या ड्रॉवरमध्ये साठवू नका.

तपासणीला खर्च येतो म्हणून टाळत असाल, तर अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग, म्हणजे दोन्हीकडची जिल्हा स्त्री रुग्णालयं, आहेतच. शिवाय २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

आणि होणाऱ्या बाबालोकांनो, क्रिब आणि स्ट्रोलरचं रिसर्च झालं असेल तर एक डिजिटल बीपी मशीनही ऑर्डर करा. बाळंतिणीचं बीपी मोजणं हे काम तुम्हाला नक्की जमेल!

फाइलमध्ये काय हवं?

• माता व बाल संरक्षण कार्ड, पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा.
• डिलिव्हरी किती आठवड्यांनी झाली आणि बाळाचं वजन किती होतं.
• बीपीचा त्रास झाला असेल तर डिलिव्हरीनंतर पहिल्या तीन दिवसांतलं आणि आठवडा-दहा दिवसांनंतरचं बीपी.
• गरोदरपणात शुगर वाढली असेल तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट आणि पुढे दरवर्षी शुगर.
• बीपी वाढलं असेल तर दरवर्षी बीपी, वजन, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा कोलेस्टेरॉल.
• बाळाचं बीपी तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा. बाळ खूप आधी जन्मलं असेल तर केव्हापासून, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि हो, ही फाइल फक्त तुमचीच नाही. तुमच्या आईला विचारून बघा, "माझ्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का गं?" तिच्याकडे कागद नसेल, पण आठवण पक्की असेल. उत्तर 'हो' आलं, तर या रविवारी मशीनचा पट्टा आधी तिच्या दंडाला बांधा, मग तुमच्या.