सायकलचा वेग आणि मुलखाची ओळख

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील मारुतीमुळे. निवडणूक आली की प्रचाराचा पहिला नारळ या मारुतीपुढे फोडण्याची प्रथा येथील राजकारणात कित्येक वर्षे पाळली गेली. त्या दिवशी गावात मोटारींची रांग लागते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि तासा-दोन तासांत धुरळा खाली बसतो. आलेल्या मंडळींपैकी कितींनी कन्हेरीचे शिवार पाहिले, जवळून वाहणारा कालवा किती जणांच्या नजरेस पडला, असे विचारले तर उत्तर फारसे उत्साहवर्धक येणार नाही. मोटारीतून येणाऱ्यास गाव दिसते ते पाटीपुरते. त्याने अंतर कापलेले असते, मुलूख पाहिलेला नसतो.

मुलूख पाहण्याचाही एक वेग असतो. पायी चालणाऱ्यास सर्व काही दिसते. परंतु त्याचा पल्ला लहान. मोटारीचा पल्ला मोठा. परंतु तिच्या काचेपलीकडचे जग पळते. या दोहोंच्या मधोमध सायकल आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या चालीने जाणाऱ्या माणसास गुऱ्हाळाचा वास येतो, पाटाच्या पाण्याचा गारवा लागतो, रस्त्याकडेचा वीरगळ दिसतो आणि दिसला की उतरून पाहता येतो. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला 'रामराम' घालण्यासाठी वाहन थांबवावे लागत नाही. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटरांचा टापू डोळ्यांखालून घालण्याची सोय इतक्या अल्प खर्चात दुसऱ्या कोणत्याही वाहनाने केलेली नाही.

अशा संथ भ्रमंतीस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश पुणे जिल्ह्यात क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या पश्चिम अंगास घाट आणि चढ. तेथे सायकलस्वाराचा दम डोंगरच काढतो. पूर्वेकडे येता येता सह्याद्रीचे फाटे विरत जातात आणि कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या मधला सपाट, मोकळा मुलूख सुरू होतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. 1876-77 च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर नीरेच्या डाव्या कालव्याचे काम झाले आणि 1880 च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागले. वीर येथून निघणारा हा कालवा बारामती शहराच्या मधून जातो, कन्हेरी-काटेवाडीच्या परिसरातून पुढे सणसर-भवानीनगरकडे सरकतो आणि इंदापूर तालुक्यातील जमिनी भिजवितो. त्याची एकूण लांबी दीडशे किलोमीटरांच्या घरात आहे. कालव्याचे पाणी उतार बेताबेताने सोडत जाते; साहजिकच त्याच्या भरावावरून जाणारी वाटही जवळजवळ सपाट असते. अभियंत्यांनी पाण्यासाठी जी रेषा आखली ती सायकलीसाठीही आयतीच आखली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या वाटेवर पाहण्याजोगे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. बारामतीतच कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पेशव्यांचे आप्त आणि सावकार असलेल्या या नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी येथे आयुष्य घालविले. 1729 मध्ये पन्हाळ्यास जन्मलेले हे पंडित कवी 1794 मध्ये बारामतीसच निवर्तले. ज्यांच्या आर्या शाळेत पाठ करून पिढ्या गेल्या, त्यांचे हे गाव. काटेवाडीस तुकोबांची पालखी आली की परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. सोनगावला कऱ्हा नीरेस मिळते. संगमाजवळ सोनेश्वराचे देऊळ आहे. इंदापूर ही शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांना जेथे वीरमरण आले ती भूमी. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जुने पळसदेव पोटात घेतले. पाणी ओसरले की तेथील प्राचीन शिवालय पुन्हा उघडे पडते. आणि दोन तालुक्यांच्या या पट्ट्याच्या अगदी टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर, विंचूरकरांनी उभारलेले नरसिंहपूरचे भव्य मंदिर आहे. ही सर्व स्थळे एका दिवसाची नव्हेत. तीन-चार दिवसांच्या निवांत फेरीत मात्र ती सहज बसतात.

युरोपात अशा मुलखाचे काय केले जाते, हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे असेच सपाट. शांबोर, आंब्वाझ यांसारखे राजवाडे त्या काठाने विखुरलेले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील दोन प्रांतांनी एकत्र येऊन नदीकाठच्या लहान वाटा, बांध आणि गावरस्ते जोडून सायकलींचा मार्ग आखण्यास आरंभ केला. आज तो सुमारे नऊशे किलोमीटरांचा आहे. त्यासाठी फार काही नवे बांधावे लागले नाही. जे होते ते जोडले, पाट्या लावल्या आणि मार्गालगतच्या खानावळी व मुक्कामाच्या जागांना सायकल सुरक्षित ठेवण्याची जागा व दुरुस्तीची हत्यारे ठेवण्यास सांगितले. त्याच देशाच्या दक्षिणेस 1681 मध्ये खुला झालेला मिदीचा कालवा आहे. त्याच्या काठावरून पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत. आता त्या वाटांवरून प्रवासी सायकली हाकतात. या कालव्याकाठच्या झाडांना 2006 मध्ये बुरशीचा रोग आढळला. सुमारे बेचाळीस हजार झाडांपैकी हजारो तोडावी लागली. परंतु सावली गेली म्हणून वाट सोडून दिली गेली नाही. दुसऱ्या जातींची झाडे लावण्याचे काम हाती घेण्यात आले.

आपल्याकडचा व्यवहार नेमका उलट आहे. येथे रस्ता म्हणजे मोटारीचा रस्ता आणि सुधारणा म्हणजे रुंदीकरण असे समीकरण रूढ झाले आहे. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा असलेली कितीतरी मोठी झाडे या रुंदीकरणात गेली. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर अंधारात दिव्यावाचून धावतात. रुंद झालेल्या रस्त्यावर मोटारींचा वेग वाढतो आणि सायकलस्वार साइडपट्टीवरून खाली मातीत ढकलला जातो. याचा सर्वांत मोठा भार हौशी प्रवाशावर पडत नाही. तो पडतो वाडीवस्तीवरून हायस्कूलला येणाऱ्या मुलीवर. ज्या दिवशी तिच्या वडिलांना रस्त्याचे भय वाटू लागते, त्या दिवशी सायकल पडवीत उभी राहते, आणि पुष्कळदा सायकलीमागोमाग शाळाही सुटते. सायकलच्या वाटेचा प्रश्न हा रिकामटेकड्यांच्या चैनीचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

दुसरी अडचण मनातली आहे. एके काळी पोस्टमन, तलाठी, प्राथमिक शिक्षक आणि कचेरीतला कारकून यांचे वाहन सायकल हेच होते. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी तिघे ती पुरी करून 1928 मध्ये परतले, तेव्हा सायकल ही पराक्रमाची खूण ठरली होती. पुढे हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली आणि सायकल ही परिस्थितीची खूण झाली. आता शहरांतील सुस्थित मंडळी महागड्या सायकली घेऊन पहाटे बाहेर पडतात, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु त्यांचे लक्ष बहुधा किती अंतर किती मिनिटांत तोडले या हिशेबात गुंतलेले असते. हा व्यायाम झाला, भ्रमंती नव्हे. मान खाली घालून मोरोपंतांच्या गावावरून जाणारा सायकलस्वार आणि काच वर करून जाणारा मोटारस्वार, यांच्या पाहण्यात फारसे अंतर राहत नाही.

यावर करता येण्याजोगे उपाय अगदी साधे आहेत. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर 2021 मध्ये बसविण्यात आली, तेव्हा पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे 130 किलोमीटरांच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ ठेवण्याची योजना जाहीर झाली. वारी या टप्प्यातून जाते ती आषाढीच्या आधी थोडे दिवस. उरलेल्या वर्षभर हे पदपथ सायकलींसाठी राखून ठेवावेत, तेथे वाहने उभी राहू देऊ नयेत, टपऱ्या बसू देऊ नयेत, आणि जेथे मूळची झाडे गेली तेथे वड, लिंब, चिंच लावून ती जगवावीत. कालव्याच्या भरावावरील वाट जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. तिचे निवडक, सुरक्षित तुकडे मुरूम टाकून व दाबून सायकलींना खुले करता येतील. ते कन्हेरीसारख्या गावांच्या आतल्या रस्त्यांनी एकमेकांस जोडता येतील. स्थळांची माहिती देणाऱ्या शुद्ध मराठीतील पाट्या, पिण्याच्या पाण्याची सोय आणि पंक्चर काढणारा एखादा कारागीर, एवढे पुरे आहे. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात शेवटच्या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या सूचनेवर आक्षेप येतील आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. कालव्याचे पाणी खोल असते, त्यास कठडा नसतो; मुलांना तेथून पाठविणे धोक्याचे आहे, असे म्हटले जाईल. म्हणूनच कालव्याचा सरसकट काठ खुला न करता जेथे भराव रुंद आहे तेवढाच करावा आणि पाण्याच्या बाजूस दाट झुडपांची रांग किंवा कठडा द्यावा. पाण्याच्या पाळीच्या दिवसांत पाटकऱ्यांच्या कामात अडथळा येईल, ही शंकाही रास्त आहे. अशा दिवसांत वाट बंद ठेवता येईल. उन्हाळ्याच्या झळा आणि पावसाळ्यात चाकांना वेटाळणारा काळ्या मातीचा चिखल या गोष्टीही नाकारता येत नाहीत. तथापि दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे चार-पाच महिने या मुलखाचे हवामान असे असते की फ्रान्समधील प्रवाशानेही हेवा करावा. राहता राहिला खर्चाचा प्रश्न. महामार्गाच्या एका उड्डाणपुलावर जो पैसा ओतला जातो, त्याच्या लहानशा अंशात हे काम होईल.

संथ प्रवास ही कल्पना परदेशातून आणावी लागेल असे मात्र कोणी समजू नये. याच वाटेने शतकानुशतके पंढरीची वारी चालत आली आहे. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघालेली पालखी पंढरपूरला पोहोचते ती आषाढ शुद्ध दशमीस. हे अंतर आज मोटार अर्ध्या दिवसात तोडते. परंतु त्यामुळे वारी कोणास निरर्थक वाटलेली नाही. प्रत्येक टप्प्यावर विसावा, प्रत्येक गावी ओळख, प्रत्येक मुक्कामी भाकरी, ही व्यवस्था वारकऱ्यांनी लावली तेव्हा पर्यटन हा शब्दही भाषेत रुळला नव्हता. पोहोचण्याइतकेच वाटेलाही महत्त्व असते, हे ज्या समाजाने इतक्या जुन्या काळी ओळखले, त्याने आपल्या मुलांना भरधाव रस्त्याच्या कडेला भीत भीत उभे करावे, हे शोभणारे नाही.

शाळांच्या सहली आज लांबच्या किल्ल्यांना आणि करमणुकीच्या बागांना जातात. बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या शिक्षकाने आठवी-नववीची वीस मुले सायकलीवर घेऊन माघातल्या एका सकाळी कन्हेरीच्या मारुतीपासून सोनगावच्या संगमापर्यंत जाऊन यावे, एवढी साधी गोष्ट त्याला निर्धास्तपणे करता आली पाहिजे. ती आज का करता येत नाही, याचे उत्तर रस्ते बांधणाऱ्या खात्याने, कालवा सांभाळणाऱ्या विभागाने आणि दर निवडणुकीस मारुतीपुढे हात जोडणाऱ्या पुढाऱ्यांनी द्यावयाचे आहे.