कर्जदाराची अब्रू

तारणावाचून काढलेले कर्ज थकले म्हणजे वसुलीवाल्याच्या दरडावणीने भेदरलेला गृहस्थ जुने देणे भागविण्यासाठी नवे काढतो. क्रेडिट कार्डाचे व्याज दरमहा ३.५ टक्क्यांच्याही वर चढत असता हा मार्ग आत्मघातकीच होय. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल होऊ न देणारा आमच्या मुलखातील दामदुपटीचा जुना दंडक बँकांना लागू नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. तथापि केवळ फेडीची असमर्थता हा फौजदारी गुन्हा नव्हे (न वटलेल्या धनादेशाची गोष्ट निराळी). रिझर्व्ह बँकेच्या नियमांन्वये वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी वा सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पगाराचा मोठा हिस्सा जप्तीतून वगळते. सबब, भिऊन घरच्यांपासून कर्जाचे कागद दडवू नका. बँकेकडे तडजोडीचा लेखी अर्ज करा.