स्फोट कशासाठी आणि कोणाच्या अंगणात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अण्वस्त्रांच्या चाचण्या सुरू करण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच त्यांच्या ऊर्जामंत्र्यांनी खुलासा केला की, या चाचण्यांत अणुस्फोट होणार नाही. राज्यकर्ते उलटसुलट बोलू लागले की जनतेने वस्तुस्थितीकडे पाहावे. वस्तुस्थिती अशी की, अमेरिकेने शेवटचा चाचणीस्फोट २३ सप्टेंबर १९९२ रोजी केला. त्यानंतरची तीस वर्षे तिचा बॉम्बसाठा स्फोटाविना सांभाळला गेला. हे कसे शक्य झाले? त्याच्या उत्तराचा एक भाग न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की येथील सँडिया प्रयोगशाळेत आहे. त्याचे नाव ‘झेड मशीन’.

हे यंत्र म्हणजे जादू नव्हे. आपल्या पंख्याला कंडेन्सर असतो. तसेच, पण अजस्र, २१६० कंडेन्सर येथे ३६ संचांत बसवलेले आहेत. ते भरताना समांतर जोडायचे आणि रिकामे करताना एकापुढे एक जोडायचे, म्हणजे सर्वांच्या व्होल्टेजची बेरीज होते. ही युक्ती एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने १९२४ साली काढली. (‘भांडवल’ लिहिणारा मार्क्स वेगळा!) साठवलेली वीज घरच्या मीटरवर मोजली तर जेमतेम सहा युनिट भरेल. परंतु तिचा झोत आखूड करत करत सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात आणला जातो आणि प्रवाह २ कोटी ६० लाख अँपिअरपर्यंत चढतो.

एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात, हे शाळेत शिकवले जाते. धातूच्या छोट्या नळीतून एवढा प्रवाह गेला की तिची भिंत याच चुंबकीय बलाने चोहोबाजूंनी आत चेपली जाते. याच बलाने नमुन्यावर हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब आणता येतो. गुरू ग्रहाच्या पोटात हायड्रोजनचे काय होत असेल, याचा अभ्यास येथे होतो आणि प्लुटोनियमचे नमुनेही येथेच तपासले जातात. ही मोजमापे संगणकाला पुरवली जातात आणि जुना होत चाललेला बॉम्ब न फोडता पारखला जातो.

ही विद्या एकट्या अमेरिकेची नाही. स्फोटकांच्या जोरावर चुंबकीय क्षेत्र दाबण्याची कल्पना सोव्हिएत रशियात आंद्रेई सखारोव यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. पुढे १९९३ साली लॉस अलामोस आणि सारोव येथील शास्त्रज्ञांनी, म्हणजे कालपर्यंत एकमेकांविरुद्ध बॉम्ब बनवणाऱ्यांनी, या विषयावर एकत्र प्रयोग केले.

मग प्रश्न असा आहे की, प्रयोगशाळेत उत्तर मिळत असताना वाळवंटात स्फोट हवा कशाला? आणि तो कोणाच्या अंगणात? नेवाडात १९५१ ते १९९२ दरम्यान ९२८ चाचण्या झाल्या. ती जमीन १८६३ च्या करारानुसार आपली आहे, असे वेस्टर्न शोशोनी आदिवासी सांगत आले आहेत. कझाकस्तानात सेमिपलातिन्स्क येथे ४५६ चाचण्या झाल्या आणि किरणोत्सार भोगला तो आसपासच्या खेड्यांनी. जगातला पहिला अणुस्फोट १६ जुलै १९४५ रोजी याच न्यू मेक्सिकोत झाला. तेथील हिस्पॅनिक शेतकऱ्यांना व आदिवासींना भरपाईच्या १९९० च्या कायद्यातून वगळण्यात आले. त्यांचा समावेश व्हायला २०२५ साल उजाडले. ऐंशी वर्षे! बॉम्ब राजधानीत ठरतो आणि राख खेड्यात पडते.

सेमिपलातिन्स्कचे मैदान मात्र राज्यकर्त्यांच्या दयेने बंद झाले नाही. १९८९ साली कवी ओल्झास सुलेमेनोव यांच्या पुढाकाराने तेथे जनआंदोलन उभे राहिले. त्याचे नाव ‘नेवाडा-सेमिपलातिन्स्क’. शत्रुराष्ट्रातील पीडितांचे नाव त्यांनी आपल्या नावापुढे लावले! दोन वर्षांत मैदानाला टाळे लागले.

झेड मशीन हे शांतीचे कबूतर आहे, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. ते बॉम्बच सांभाळते. अण्वस्त्रे नष्ट करण्याची मागणी त्यामुळे संपत नाही. परंतु स्फोटाची गरज उरलेली नाही, याची साक्ष सरकारच्याच पैशातून उभे राहिलेले हे यंत्र देते. चाचण्यांची भाषा करणाऱ्यांची या साक्षीपुढे उलटतपासणी झाली पाहिजे.

आणि ती केवळ अमेरिकेत नव्हे. भारताने १९९८ नंतर स्फोट केलेला नाही, पण चाचणीबंदी करारावर सहीही केलेली नाही. उद्या कोणी पुन्हा पोखरणचा जयघोष सुरू केला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी आपणही विचारले पाहिजे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही, ते आधी सांगा.