खोली हवी, पण नाव लपवून नव्हे

सिंदी (रेल्वे) येथील व आसपासच्या खेड्यांतील बौद्ध बंधुभगिनींनो,

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच खल सुरू होतो. मुलाने कोणती शाखा घ्यावी, कोणत्या कॉलेजात नाव घालावे, फी किती पडेल, यावर रात्री जागतात. परंतु हा मुलगा अगर ही मुलगी राहणार कोठे, हा प्रश्न अगदी अखेरीस निघतो व घाईघाईने निकालात काढला जातो. कोणी म्हणतो, गावाला स्टेशन आहे, अपडाऊन करील. कोणी म्हणतो, नागपूरला मावशी आहे, तिच्या ओसरीवर पडून राहील. आणि कोणी शहाणा कानाशी लागून सांगतो, खोली पाहायला जाशील तेव्हा आडनाव सांगू नकोस, बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेतच असू दे. या तिन्ही सल्ल्यांशी आमचे भांडण आहे, आणि तिसऱ्याशी सर्वांत अधिक. राहण्याची जागा हा शिक्षणाचाच भाग आहे. ती हक्क म्हणून मागितली पाहिजे व आपल्या खऱ्या नावाने मिळवली पाहिजे, हेच आज तुम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्या. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेच्या उद्देशांत शिक्षणाचा प्रसार होता, आणि त्याचे साधन म्हणून पहिला मान वसतिगृहांना होता. पुढल्याच वर्षी, १९२५ साली, सभेने सोलापुरास वसतिगृह उघडले. आरंभ शाळेने न करता वसतिगृहाने का केला? कारण उघड आहे. कायद्याने सरकारी शाळेचे दार अस्पृश्यांच्या मुलांना मोकळे झाले होते. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाला त्या शहरात पाठ टेकायला जागा नव्हती, आणि जेथे जागा नाही तेथे उघडे दारही बंदच असते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहे काढली व अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग चालवले, तेही याच कारणाने. पुढे १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, कॉलेज काढले, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलांच्या राहण्याची सोय कॉलेजाबरोबरच डोळ्यांपुढे होती. ज्यांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यांनी शिकणाऱ्याने राहावे कोठे याचाही विचार केला होता. तो विचार आपण मात्र सोडून दिला आहे.

आता अपडाऊनचा सल्ला घ्या. सिंदीच्या नावातच रेल्वे आहे. एका बाजूस वर्धा व दुसऱ्या बाजूस नागपूर असल्यामुळे आपल्या लोकांना वाटते की कॉलेज जणू गावाच्या वेशीवरच आले. पण विद्यार्थ्याचा दिवस मोजून पाहा. भल्या पहाटे उठून गाडी धरायची; ती उशिरा आली तर पहिला तास बुडाला. सायंकाळची गाडी गाठायची म्हणून प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघायचे. ग्रंथालयात खरा अभ्यास संध्याकाळीच होतो, आणि त्याच वेळी आपला मुलगा फलाटावर उभा असतो. ज्या चर्चा, ज्या स्पर्धा, ज्या ओळखी पुढे नोकरीच्या वेळी कामास येतात, त्या कॉलेज सुटल्यावर होतात. त्याला त्यांचा पत्ताही नसतो. दोन वर्षे असा धावला की तो थकतो, एका विषयात नापास होतो, आणि मग वाटेतल्या बुटीबोरीच्या स्टेशनवरच उतरतो व कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागतो. कष्टाची लाज आम्हाला नाही. आपले बापजादे कष्टावरच जगले. परंतु पदवी घेण्यासाठी निघालेला मुलगा केवळ खोलीच्या भाड्यापायी रोजंदारीवर आला, तर वाचवलेले भाडे फार महाग पडले असे म्हणावे लागेल. ज्यांची ऐपत खरोखरच नाही त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यासाठी काय आहे ते पुढे सांगतो. आमचा रोख त्यांच्यावर आहे, जे लग्नाच्या मांडवाला कर्ज काढतात आणि मुलाच्या खोलीला मात्र पैसा नाही म्हणतात.

दुसरा प्रश्न नावाचा. नागपुरात अगर पुण्यात खोली पाहावयास गेलेल्या आपल्या मुलाला घरमालक प्रथम भाडे सांगत नाही, आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो, गावावरून झाला नाही तर घरी मांसमच्छी चालते काय असे विचारतो. सरतेशेवटी म्हणतो, खोली कालच गेली. जात हा शब्द तो तोंडातून काढीत नाही. आजचा विटाळ फार सभ्य झाला आहे. अशा वेळी आपलेच लोक सांगतात, आडनाव बदलून सांग, काम भागव. पण नाव लपवल्याने काम भागते काय?

बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९१७ सालचा प्रसंग आठवा. अमेरिका व इंग्लंड येथून उच्च विद्या घेऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदूंच्या खानावळींत त्यांना जागा मिळण्याजोगी नव्हती. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने पारशी नाव नोंदवण्याच्या अटीवर त्यांना ठेवून घेतले. दुसरा मार्ग समाजाने त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव जिन्यावरून वर आला व सायंकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही निभावून नेले नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो पंडित बडोद्याच्या बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिचा बोध एवढाच की लपवलेल्या नावाने मिळालेली जागा दहा दिवसही आपली नसते. ती मिळाली तरी मुलगा तेथे झोपत नाही, जागा असतो. गावाहून भेटावयास आलेला बाप काय बोलून जाईल, पत्रावरचे नाव कोण वाचील, १४ एप्रिलला आपण कोठे जातो हे कोण विचारील, या धास्तीत त्याचा अभ्यास होत नाही. उलट, पुढे १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात विद्यार्थी म्हणून भाड्याने राहिले, ते स्वतःच्या नावाने. तेच घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. एका विद्यार्थ्याच्या खोलीचे मोल काय असते, हे यावरून ओळखा.

आपण बौद्ध झालो ते नाव बदलून लपण्यासाठी झालो नाही, मान वर करून नाव सांगण्यासाठी झालो. सबब घरमालकाने विचारले तर मुलाने स्वच्छ सांगावे, आम्ही बौद्ध. ज्याला चालत नसेल त्याची खोली आपल्याला नको. कायदाही आपल्या बाजूस आहे. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वसतिगृहात प्रवेश नाकारणे व एखाद्या वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवतो. घरमालक कारण उच्चारीत नाही म्हणून पुरावा अवघड होतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच विचारणा लेखी ठेवावी, मोबाईलवरील निरोप पुसू नयेत, सोबत एक साक्षीदार न्यावा. अनामत रकमेची पावती व भाड्याचा लेखी करार घेतल्याशिवाय पैसा देऊ नये.

आपल्या जिल्ह्यातील एका घटनेचा अभिमानाने उल्लेख होतो. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळी ते धैर्याचे काम होते, यात शंका नाही. परंतु आमच्या विद्यार्थ्याला आज देवळाच्या गाभाऱ्यात जावयाचे नाही. त्याला दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तक उघडून बसावयाचे आहे. देवाचे दार उघडून जवळजवळ शंभर वर्षे झाली. माणसाच्या घराचे दार उघडण्यास आणखी किती वर्षे लागणार, हे पुरोगामी म्हणवणाऱ्या शहरांना विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

तिसरी शंका नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांची आहे. धर्म बदलला, आता मुलाला वसतिगृह व सवलती मिळतील काय? ही भीती मुद्दाम पसरवली जाते, म्हणून नीट ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांना या आदेशाचा जाच भोगावा लागला. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या; केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान दिले. चौतीस वर्षे लढून मिळालेला हा हक्क आहे. तेव्हा दीक्षेमुळे सवलत जाते असे सांगणारा एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड. मूळ जात व बौद्ध धर्म या दोहोंची नोंद असलेला दाखला वेळेवर काढा. काहींना त्या कागदावर जात पाहून वाईट वाटते. वाटू देऊ नका. ती आपली ओळख नव्हे, आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे, आणि नुकसानभरपाई मागणाऱ्याने नोंद फाडून टाकावयाची नसते.

या दाखल्यावर समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करता येतो. तेथे जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती बाहेरगावाहून आलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता आहे. म्हणजे नागपुरात शिकणारा सिंदीचा मुलगा उत्पन्नाच्या व गुणांच्या अटी पुऱ्या करीत असल्यास तीत बसतो. योजना निघाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांकरिता वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० व निर्वाहाचे ८,०००. कित्येक पालक हा अर्जच करीत नाहीत. म्हणतात, सरकारी भीक कशाला? बांधवांनो, ही भीक नव्हे. परंतु सरकारलाही आमचा सवाल आहे. २०,००० रुपये दहा महिन्यांवर वाटले तर महिना २,००० होतात. एवढ्यात नागपुरात विद्यार्थ्याने कोणती खोली घ्यावी? आणि तो पैसाही वर्ष सरत आल्यावर हाती येतो अशी विद्यार्थ्यांची जुनी ओरड आहे. घरमालक भाडे दर महिन्याला मागतो, खानावळवाला दर महिन्याला मागतो; मग हप्ता वर्षाअखेर का? वसतिगृहांच्या जागा वाढवा, आणि तोवर पैसा वेळेवर द्या, ही मागणी प्रत्येक पालकाने आमदारापुढे उभे राहून केली पाहिजे.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते, हे आपले दुर्दैव. मुलगा नागपूरला आणि मुलगी गावच्याच कॉलेजात, असा न्याय आजही कित्येक बौद्ध घरांत चालतो. सुरक्षिततेचे कारण सांगतात. कारण खोटे नाही, पण त्याचे उत्तर मुलीला घरी ठेवणे हे नव्हे. मुलींचे वसतिगृह आईने स्वतः जाऊन पाहावे. पाणी, संडास, फाटकाची वेळ, कॉलेजचे अंतर, आजारी पडल्यास दवाखाना, हे विचारून घ्यावे आणि मग निर्धास्त मनाने मुलीला पाठवावे. जी समता भावा-बहिणीत नाही ती आपण गावाकडे कोणत्या तोंडाने मागणार?

जागा मिळाली म्हणजे काम संपले असे समजू नका. वसतिगृहाच्या आतही जात राहते. दिल्लीच्या एम्समधील प्रकारांची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली दाखवून दिले की त्रासाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आपल्या खोल्या सोडून एकत्र राहावयास जात होते. हैदराबाद विद्यापीठाने रोहित वेमुला व त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहाबाहेर काढले. ते उघड्यावर तंबूत राहिले, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने प्राण सोडला. ही नावे आम्ही घाबरवण्यासाठी घेत नाही. मुलाला एकटे टाकू नका, एवढ्यासाठी घेतो. पहिले तीन महिने कठीण असतात. इंग्रजी कळत नाही, जेवण उतरत नाही, खोलीतला सोबती शिष्यवृत्तीवरून टोमणे मारतो. मुलगा फोनवर 'ठीक आहे' म्हणतो तेव्हा तेवढ्यावर भागवू नका; महिन्यातून एकदा जाऊन भेटा. त्याला सांगा की पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाचे कार्ड काढ, आपल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गाठ, आणि मित्र मात्र सर्व जातींचे जोड. छळ झाला तर रडत गावी येऊ नको, लेखी तक्रार कर व तिची पोच घे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावाच्या तक्रारींकरिता अधिकारी नेमण्यास विद्यापीठांना बजावले. तो अधिकारी कोण, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. विचारणारे पालक असले म्हणजे अधिकारीही जागा राहतो.

शेवटी सिंदीच्या विहारात जमणाऱ्या मंडळींना विनंती. दर वर्षी निकालापूर्वी एका रविवारी वंदना झाल्यावर पालकांना बसवा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, याची यादी करा. आपल्या गावचे जे विद्यार्थी आज नागपुरात व वर्ध्यात राहून शिकत आहेत त्यांना बोलवा. कोणत्या वस्तीत खोली मिळते, कोठे दार लागते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. जो शिकून नोकरीस लागला त्याने एका नव्या विद्यार्थ्याचे पहिल्या महिन्याचे भाडे उचलावे. सरकारी हप्ता येईल तेव्हा ते परत घ्यावे व पुढल्याला द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, नियत लागते.

मुलाच्या ट्रंकेत कपडे भराल तेव्हा बाबासाहेबांची तसबीर सर्वांत वर ठेवा, म्हणजे खोलीत गेल्यावर ती प्रथम बाहेर निघेल.

जय भीम!