नेति नेति, कॉम्रेड?

आमचं गाव तेरखेडा. फटाक्यांचं गाव म्हणून लोक ओळखतात. दिवाळीत तुम्ही जे वाजवता त्याची दारू इथं माणसं हातानं भरतात. कधी स्फोट होतो, माणूस जातो. मग आम्ही डावी मंडळी काय करतो? निषेध. हे नको, ते नको, भांडवलशाही नको. पोस्ट टाकली की मोकळे. "मग पाहिजे काय?" असं त्या घरातल्या बाईनं विचारलं की आम्ही गप्प.

याच्यामागं मोठं तत्त्वज्ञान आहे बरं का. देव काय आहे ते सांगता येत नाही, काय नाही तेवढंच सांगता येतं, हे उपनिषदातलं 'नेति नेति'. ज्यू धर्मात देवाची मूर्ती करायला बंदी. अडोर्नोनं ती बंदी मार्क्सवादात आणली: उद्याच्या समाजाचं चित्र रंगवायचं नाही. खुद्द मार्क्सनंही भविष्याच्या पाककृती लिहायला नकार दिला होता. कारणही खरं आहे. स्टालिननं स्वर्गाचं चित्र टांगलं आणि त्याच्यापायी लाखो माणसं मेली. मान्य.

पण अडोर्नोचा नकार दुःखातून आला होता, आपला आळसातून येतोय. वर हरल्याची उदासी कुरवाळत बसायचं. या रोगाला वॉल्टर बेंजामिननं 1931 सालीच 'डावी उदासी' म्हणून झोडपलं होतं.

72 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तेव्हा मराठवाड्यात शेकाप होता, लाल बावटा होता. भूक होती, संताप होता, पण मागणी नेमकी होती: हाताला काम द्या. वि. स. पाग्यांची योजना आणि रस्त्यावरचा रेटा, दोन्ही मिळून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. 2005 साली तो हक्क देशभर गेला. तिथं 'नेति' म्हणून भागलं असतं का?

वारकऱ्यालाही ठाऊक असतं की देव निर्गुण आहे. तरी तो पंढरीला चालत जातोच ना?

तर आता लिहूया. हजेरीपटावर प्रत्येक मजुराचं नाव. प्रत्येकाचा विमा. दोन शेडमध्ये नियमाएवढं अंतर. भाजलेल्याचा सगळा दवाखाना मालकाकडं. हा काही समाजवाद नव्हे, मलाही कळतं. पण पुढच्या वेळी त्या घरी जाताना निषेधाचं पत्रक नको, हा कागद घेऊन जाऊ.

कोण कोण येतंय, सांगा.